पांढरा रकाना

त्या दिवशी मी कामावर एका जुन्या भूगोलाच्या पुस्तकातली शिसपेन खोडत होते. ग्रंथालयाच्या तळमजल्यावर आमची डागडुजीची खोली आहे. उत्तरेकडे एकच रुंद खिडकी आणि तिच्याखाली लांब टेबल. कुणा वाचकाने कधीकाळी त्या पुस्तकाच्या पानोपानी समासात एकच शब्द लिहून ठेवला होता : कशावरून. डोंगराची उंची दिलेली, कशावरून. नदीची लांबी दिलेली, कशावरून. मला त्या माणसाचा राग येत नव्हता, उलट त्याची सोबत वाटत होती, तरी त्याला पुसून टाकणं हे माझं काम होतं. खोडरबराचा भुगा पानावर पसरायचा, दोन बोटांनी त्यावर लहान लहान गोल काढत राहायचं, भुगा करडा झाला की मऊ कुंचल्याने झाडून ताजा घ्यायचा. जोर लावायचा नाही. जोर लावला की कागदाचं अंग निघतं आणि मग कुणीही ओळखतं. दुपारी आईचा परदेशातून फोन आला, नेहमीचंच बोलणं झालं. सहा वाजता घरी आले. कुलूप काढताना आतून कुणी ‘आलीस का’ म्हणालं नाही. पाण्याच्या तांब्याला पुस्तक टेकवून मी जेवले, एका हाताने पानं उलटत, आणि ‘जेवताना तरी ते बाजूला ठेव’ असं कुणी म्हणालं नाही. भांडी तशीच ठेवली. टेबलावरचा दिवा, पानांचा आवाज, रिकाम्या खोल्यांतून सरकणारी संध्याकाळ, सगळं मला पुरून उरत होतं. दुसऱ्या दिवशी दादाचा फोन आला.

आई, दादा, वहिनी आणि त्यांची दोन मुलं असे पाच जण अडतीस दिवसांच्या परदेश सहलीला गेले होते. दादा एका कारखान्यात कामगारांच्या पाळ्या लावतो. कोण सकाळी, कोण दुपारी, कोण सुट्टीवर, कोणाच्या जागी कोण, याचे तक्ते करण्यात त्याची वीस वर्षं गेली आणि आता त्याला जगच तक्त्यात दिसतं. सहलीचाही त्याने तक्ता केला होता. जाड कागद, डावीकडे एक ते अडतीस दिवस, वर पाच रकाने, प्रत्येकाला एक रंग. दादा निळा, वहिनी जांभळी, मोठी केशरी, धाकटा हिरवा. निघण्याच्या आदल्या आठवड्यात त्याने तो आमच्याकडे, म्हणजे आई आणि मी राहायचो त्या घरी, जेवणाच्या टेबलावर पसरला. चारी रकाने गच्च भरलेले. संग्रहालय, बोट, डोंगरावरची गाडी, जुना किल्ला, मुलांची बाग. पाचवा रकाना पांढरा. “हा आईचा,” तो म्हणाला. “तिच्यावर काहीसुद्धा टाकलेलं नाही. पूर्ण मोकळीक. वाटलं तर आली, वाटलं तर पडून राहिली.” आई म्हणाली, “मी कशाला रे? तुमची तुम्ही जा.” दादा हसला. “बघ वाळवी, हिला फुकट सुट्टी दिली तरी नको.” लहानपणापासून तो मला वाळवी म्हणतो, मी पुस्तकं खाते म्हणून. मी आईला म्हणाले, “जा गं. हवापालट होईल.” आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिने तक्त्यावरचा चहाचा थेंब पदराने टिपला.

तेविसाव्या दिवशी दादा आणि वहिनी बोटीने बेटावर गेले होते. आई मुलांना बागेतून घरी आणत होती. भाड्याचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती पायरीवर बसली, आणि उठली नाही. मोठी तेव्हा आठ वर्षांची होती. तिने धाकट्याला भिंतीशी उभं केलं आणि समोरचं दार वाजवलं. दादाचा फोन बोटीवर लागत नव्हता. लागला तेव्हा तीन तास होऊन गेले होते. ते आईला घेऊन आले. अंत्यदर्शनाच्या गर्दीतही दादा सगळ्यांना एकच सांगत होता, “फार आनंदात होती हो. शेवटचे तीन आठवडे नुसती फिरली.” ऐकणारे म्हणत, भाग्यवान. मी कोपऱ्यात उभी राहून मान हलवत होते.

आईची बॅग दोन दिवस उशिरा आली. वहिनीने घाईघाईत त्या घरातल्या फ्रिजवरचे सगळे कागद गोळा करून वर कोंबले होते, त्यात तो तक्ता. दादा स्वतः फोनमध्येच बघायचा, कागदावरचा मुलांसाठी होता. मी तो उलगडला आणि आधी काही दिसलंच नाही. मग दिसलं. पांढऱ्या रकान्यात शिसपेनने, अगदी बारीक, आईचं अक्षर. मुलं, बाग. मुलं, कपडे दोन वेळा. धाकट्याचा ताप. मुलं, बाग बंद होती. पंधराव्या दिवशी : माझा वाढदिवस, मुलांनी गाणं म्हटलं. त्या दिवशी निळ्या आणि जांभळ्या रकान्यात जुना किल्ला होता. अठराव्या दिवशी : जिना, चाळिसाव्या पायरीवर बसले. विसाव्या : जिना, तिसाव्या. एकविसाव्या : जिना, विसाव्या. मोठी म्हणाली आजी तू बस, मी धाकट्याला नेते. चौकोन जेमतेम दोन बोटांचा, त्यात ती एखाद्या भाडेकरूसारखी अंग चोरून राहिली होती. मी बॅगेशेजारी जमिनीवर बसून ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि माझ्या आत इतके दिवस नुसतंच ओलं आणि बिनआकाराचं जे काही होतं त्याला एकदम धार आली. दुःखापेक्षा ते कितीतरी बरं होतं. दुःखाला हात कुठे ठेवायचे ते कळत नाही. याला कळत होतं.

मी कुणाला सांगितलं नाही. तक्ता कामावर नेला, घड्या सपाट केल्या, फाटलेला कोपरा आतून कागद लावून सांधला, आम्ल नसलेल्या पाकिटात घातला. सगळे गेल्यावर मी त्यावर काम करायचे. पाहुण्याच्या हातात आपण ताट देतो तसा तो दादाच्या हातात द्यायचा होता, स्वच्छ, काठ पुसलेला. कधी, ते ठरत नव्हतं. दादा रविवारी यायचा, आईच्या खुर्चीत बसायचा, डोळे पुसायचा, “तिला निदान जग तरी दाखवलं” म्हणायचा, आणि मी त्याला चहा करून द्यायचे. चहा गाळताना माझा हात स्थिर असायचा. दर रविवारी मला वाटायचं, आज, आणि दर रविवारी मी ते पुढे ढकलायचे. भूक लागलेली असताना ताटावर बसून राहण्यात एक मजा असते तशी.

अकरा महिने असे गेले. मग एका मंगळवारी दुपारी मी टेबलावर वाकलेली असताना फोनवर दादाचा नवा तक्ता आला. पंधरा दिवस, आकडे चोवीस ते अडतीस. खाली लिहिलं होतं : राहिलेली सहल आईसाठी पुरी करायची, तेच शहर, तेच घर. तू पण. मी तो मोठा करून बघितला. निळा, जांभळा, केशरी, हिरवा. आणि पाचवा रकाना, त्याच्यावर माझं नाव, खालपर्यंत पांढरा. कुंचला माझ्या हातातून पानावर पडला. लगेच दादाचा फोन आला. “बघितलंस? वहिनी म्हणत होती दुसरं घर घेऊ. मी म्हटलं, नाही. अर्धवट पाळी सोडून मी कुणाला घरी पाठवत नाही, मग आईचीच सहल अर्धवट ठेवू?” मी पडलेला कुंचला उचलला. तो म्हणाला, “आणि तुला एकदम मोकळं ठेवलंय हां. वर्षभर त्या तळमजल्यावर बसतेस. जरा आराम कर.” त्याच्या आवाजात लबाडी नव्हती. लबाडी असती तर मी नाही म्हटलं असतं. मी म्हणाले, “येते.”

जिन्याला बहात्तर पायऱ्या आहेत. पहिल्या दिवशी मी त्या मोजल्या, नंतर मोजणं थांबवता आलं नाही. दगडी, मधोमध झिजून खोलगट झालेल्या. कठडा लोखंडी, थंड. विसाव्या पायरीवर भिंतीचा पोपडा निघून हिरवा रंग दिसतो, तिसावीवर एक लहान उघडी खिडकी आहे, तिच्यातून कुणाच्या तरी कपड्यांचा साबणाचा वास येतो. आई इथे बसली असणार. तिने हा वास घेतला असणार. माझे गुडघे तिचेच आहेत, चढताना ते तिच्यासारखेच वाजतात, आणि कठड्यावर हात टाकायची माझी पद्धतही तिचीच आहे हे मला तिथे पहिल्यांदा दिसलं. वळणावर मोठी भिंतीला चिकटून, पायरीकडे न बघता, भरभर वर जायची. धाकटा मात्र दरवेळी थांबून सांगायचा, “इथे आजी बसलेली.” वर, स्वयंपाकघरात तोच फ्रिज, तीच लोहचुंबकं. दादाने नवा तक्ता लावला आणि दोन पावलं मागे जाऊन बघितला. “हा तक्ता नाही वाळवी, हे शास्त्र आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आणि वहिनी संग्रहालयाला निघाले. तो दारात बुटाची नाडी बांधत होता, वहिनी पिशवीत पाण्याची बाटली टाकत होती, आणि दोघं माझ्याकडे न बघता थोडं थोडं रेंगाळत होते. कुणी काही मागितलं नव्हतं. पांढऱ्या रकान्यात काही लिहिलेलं नव्हतं. मी म्हणाले, “जा तुम्ही. मी आहे ना.”

आईचंच वाक्य, आईचा सूर. ‘ना’ थोडा लांबवलेला, हात पदराला पुसल्यासारखा. दादाची बोटं नाडीवर थांबली. वहिनीने वर बघितलं. दादाच्या मानेवर, कानामागे, एक शीर आहे, ती लहानपणी तो खोटं बोलताना उडायची; ती उडाली. मग तो “हं” म्हणाला आणि नाडी पुन्हा पहिल्यापासून बांधायला लागला. दार लागल्यावर माझ्या तोंडात चक्क गोडसर चव आली.

त्यानंतर रोज सकाळी मी ते म्हणायचे. त्याच जागी उभी राहून, त्याच सुरात. तिसऱ्या दिवसापासून तो ते वाक्य यायच्या आत बाहेर पडायची घाई करायला लागला आणि मी ते जिन्यात वाकून म्हणायचे. दुपारी मुलं झोपली की शिसपेन घेऊन माझ्या पांढऱ्या चौकोनात बारीक अक्षरात लिहायचे : मुलं, बाग. मुलं, कपडे. मुलं, जिना. संध्याकाळी ते परत यायचे. दादा फोनमधला तक्ता बघून “झकास, एक मिनिटाचाही फरक नाही” म्हणायचा. फ्रिजकडे त्याची पाठ असायची. वहिनीला दिसलं. एकदा ती दूध काढायला आली आणि दार धरून उभी राहिली, फ्रिजचा गार वारा पायांवर येईस्तोवर. म्हणाली, “उद्या मी थांबू का घरी? तू जा यांच्याबरोबर.” मी म्हणाले, “छे गं, तुझ्या रकान्यात किती काय काय आहे.” ती गेली. तिच्याबद्दल मला वाईट वाटायला हवं होतं. मी त्या वेळी मनात, बॅगेत आणलेला आईचा तक्ता किती उंचीवर लावायचा ते मापत होते. दादाच्या डोळ्यांच्या रेषेत, वाकावंही लागू नये आणि मान वरही करावी लागू नये.

मुलांशी मी चांगलीच वागत होते. बागेत मोठी झोक्यावर बसायची नाही, माझ्याजवळ बाकावर बसून पाय हलवायची. ती फार विचारपूर्वक बोलते, आमच्या घरात हे कुणाकडून आलं कळत नाही. एकदा म्हणाली, “आत्या, मी आधीच बाबांना फोन करायला हवा होता का?” मी विचारलं, “आधी म्हणजे कधी?” “आजी जिन्यात बसायला लागली तेव्हा. मी बाबांना विचारलं नंतर, तर म्हणाले, आजी कुठे बसायची, तुला वाटतं तसं. तू लहान होतीस.” मी तिचे केस मागे केले. एक वाक्य पुरे होतं. तुला वाटत नाही, तसंच झालं, माझ्याकडे लिहिलेलं आहे. पण ते मी अकरा महिने एका दिवसासाठी जपून ठेवलं होतं, बागेतल्या बाकावर खर्च करायला नव्हे. “जा, झोका रिकामा झाला,” मी म्हणाले. ती गेली नाही.

सदतिसाव्या दिवसाला दादाने बोट टाकली होती. तेव्हा बेटावरून अर्ध्यातच परतावं लागलं होतं, ते राहिलेलं. रात्रीच्या जेवणाला तो म्हणाला होता, “उद्या तेवढं झालं की आईची सहल पुरी.” आणि मला, “तू मुलांना सांभाळशील ना?” इतक्या दिवसांत तोंडाने विचारलेलं ते पहिलंच. मी म्हणाले, “मोकळीच आहे मी.”

सकाळी तो दाढी करत असताना मी पाकीट उघडलं आणि नव्या तक्त्यावर जुना तक्ता लावला. चार कोपऱ्यांना चार लोहचुंबकं. मग गॅसपाशी जाऊन चहाला आधण ठेवलं. माझा हात स्थिर होता. दादा गुणगुणत आला, पेला घ्यायला वळला आणि थांबला. “हा जुना कुठून आला?” मी चहा पावडर मोजत राहिले. तो जवळ गेला. गुणगुणणं बंद झालं. मला वळून बघायचं नव्हतं, ऐकायचं होतं. त्याचा श्वास, त्याचं बोट कागदावरून खाली सरकताना होणारी बारीक खरखर. पंधराव्या दिवसापाशी ते बोट बराच वेळ थांबलं. वहिनी खोलीतून म्हणाली, “अहो, बोट सुटेल.” मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला नाही, तो सरळ खाली, फ्रिजला पाठ लावून, एका पायात बूट असलेला, बसला. त्याचं तोंड उघडं होतं. आईला आणलं तेव्हासुद्धा त्याचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. मी चहा गाळला, त्याच्यापुढे पेला धरला आणि म्हणाले, “फार आनंदात होती. नुसती फिरली.”

वहिनीने दारातून ते ऐकलं आणि तोंडावर हात ठेवला. चहाचा पेला दादाने घेतला नाही. “ती बोलली का नाही,” तो म्हणाला, मला नाही, जमिनीला. “एका शब्दाने बोलली असती तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घेऊन परत आलो असतो. चुलीत गेला तक्ता. एका शब्दाने तरी कुणाशी बोलायचं.” हे मी मनात शंभर वेळा घडवून पाहिलं होतं आणि दरवेळी इथेच थांबवलं होतं. त्याने बसायचं, मी उभं राहायचं. पुढे काय करायचं ते ठरवलंच नव्हतं.

मोठी तोंडात दात घासायचा ब्रश धरून आली होती. बापाला जमिनीवर बघून ती त्याला वळसा घालून फ्रिजपाशी गेली, तक्ता बघितला, आणि तिने ब्रश काढला. “हा आजीचा,” ती म्हणाली. “मी शिसपेनीला टोक काढून द्यायचे.” मग तिचं बोट रकान्यातून खाली आलं, एकवीस, आणि पुढच्या चौकोनावर थांबलं. “इथलं कुठे गेलं?”

“तिथे नव्हतं बाळा,” दादा म्हणाला. “एकविसापर्यंतच आहे.”

“बावीसला पण लिहिलं होतं. खूप लिहिलं होतं. टोक मोडलं म्हणून मी दुसऱ्यांदा काढून दिलं.”

“तुला वाटतं तसं. तू लहान होतीस.”

तिने माझ्याकडे बघितलं. नऊ वर्षांच्या मुलीचा तो चेहरा मी विसरणार नाही. ती मदत मागत नव्हती, स्वतःवरचा विश्वास सोडून द्यायच्या बेतात होती आणि त्याआधी एकदा खात्री करून घेत होती. कागद माझ्या बाजूने होता. चौकोन स्वच्छ होता, काठ पुसलेला. त्या कामाला मला तीन संध्याकाळी लागल्या होत्या, भुगा पसरायचा, लहान लहान गोल, जोर लावायचा नाही. ‘कोराच होता गं’ एवढं म्हटलं की झालं. दादा जमिनीवर, मी उभी, आणि ही पोर आयुष्यभर जे बघेल ते दोनदा बापाला विचारून बघेल. गॅसवर उरलेलं पाणी कढत होतं. मी तो बंद केला.

मी तक्ता फ्रिजवरून काढला आणि खिडकीपाशी नेला. शिसपेन जाते, पण टोकाने कागदात पाडलेली चरी जात नाही. पान उजेडाला आडवं धरलं की ती सावली धरते. हे मला पहिल्या संध्याकाळीच माहीत होतं. म्हणूनच कदाचित मी तो फाडला नाही. “इकडे ये,” मी मोठीला म्हणाले. “असा तिरका बघ. वाच.”

ती टाचा उंचावून उभी राहिली, तिच्या ओठांना फेस तसाच होता. “छा-तीत जड,” तिने वाचलं. “बाळीला सां-गितलं.” मग थांबली. “आत्या, बाळी कोण?”

दादाने मान वर केली. त्याला माहीत होतं. ते नाव फक्त आईच वापरायची, फक्त एकीसाठी.

“बाळी मी,” मी म्हणाले. “तुझं सगळं बरोबर आहे. आजी जिन्यात बसायची, आणि बाविसाव्या दिवशी तिने लिहिलं होतं, आणि ते मी खोडलं.” आवाज माझाच होता, कोरडा, कामावरचा. मी दादाकडे वळले. “तू म्हणतोस ती एका शब्दाने बोलली नाही. बोलली. दुपारी मला फोन केला, छातीत जड वाटतं म्हणाली, आता घरी यावंसं वाटतं म्हणाली. मी म्हटलं, दादाला सांगू नकोस.”

“का?” दादा म्हणाला.

“तिने सांगितलं असतं तर तू सगळ्यांना घेऊन परत आला असतास,” मी म्हणाले, “आणि मला घर अजून सोळा दिवस एकटीला हवं होतं.”